जागृतावस्थेतील श्वासनलिकाप्रवेश : बधिरीकरणाचा इतिहास

भूलशास्त्राचा इतिहास म्हणजे रुग्णास निद्रावश करण्याच्या साधनांचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रुग्ण जागा असतानाच त्याच्या श्वासनलिकेत नळी घालण्याची परंपराही या शास्त्रात जुनी असून, तिचे प्रयोजन ध्यानात घेतल्यावाचून हा इतिहास अपुरा राहतो.

१८७८ साली ग्लासगो येथील शस्त्रवैद्य विल्यम मॅक्युएन यांनी जिभेच्या मुळाशी अर्बुद झालेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत, क्लोरोफॉर्म देण्यापूर्वीच, तोंडावाटे नळी घातली. गळ्यास छेद न देता श्वासमार्ग मोकळा राहावा व रक्त फुप्फुसांत उतरू नये, हा त्यांचा हेतू होता. घसा बधिर करणारे औषध त्या काळी नव्हते. सारी भिस्त वैद्याच्या बोटांवर व रुग्णाच्या सहनशीलतेवर होती.

ही उणीव कोकेनने भरून काढली. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनचा नेत्रशल्यकर्मातील उपयोग दाखविला. त्याच वर्षी एडमुंड येलिनेक यांनी ते घसा व स्वरयंत्र यांवर योजिले. १८९७ साली फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान यांनी कोकेनच्याच आधारे श्वासनलिकेच्या शाखेत अडकलेले हाड काढले. परंतु कोकेन विषारी होते. स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी १९४३ साली सिद्ध केलेले लिडोकेन १९४८ पासून वापरात आले, आणि हे भय पुष्कळसे ओसरले. १९४९ साली बोनिका यांनी कंठातून सुईने थेट श्वासनलिकेत औषध सोडण्याच्या पद्धतीचे विवेचन केले.

दरम्यान, १९४२ साली माँट्रियल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी क्युरारे वापरले. स्नायू शिथिल झाल्यावर नळी घालणे सुकर झाले व निद्रेनंतरचा नलिकाप्रवेश हीच रूढी पडली. मात्र स्नायूंबरोबर श्वसनही थांबते. अशा वेळी नळी न गेल्यास व अन्य मार्गानेही प्राणवायू पोचविता न आल्यास प्राण धोक्यात येतात. म्हणूनच जबडा न उघडणाऱ्या किंवा घशात गाठ असलेल्या रुग्णांसाठी जुनी परंपरा टिकून राहिली. १९६७ साली पीटर मर्फी यांनी नलिकाप्रवेशासाठी लवचिक तंतुदुर्बीण प्रथम वापरली. तिने पुढे या परंपरेस नवे बळ दिले.

बधिरीकरणाचे मोलही द्यावे लागते. औषधाने खोकला शमतो, म्हणजे श्वासमार्गाचा पहारेकरीच काही काळ निद्रिस्त होतो. शिवाय मात्रा अधिक झाल्यास झटके येऊ शकतात. ब्रिटनमधील २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी लिडोकेनची कमाल मर्यादा मेदविरहित वजनाच्या दर किलोस ९ मिलिग्रॅम अशी ठरविली आहे. साधने बदलली, तरी मॅक्युएन यांच्या कृतीतील तत्त्व अबाधित आहे : मार्ग निश्चित होईपर्यंत रुग्णाचा स्वतःचा श्वास हाच त्याचा सर्वांत विश्वासू रक्षक होय.