‘मरुत’ विमान : देह आणि प्राण

एकाच विमानानें आकाशांत शत्रूच्या विमानाशीं झुंज द्यावी आणि त्यानेंच खालीं उतरून रणगाड्यांवर मारा करावा, ही अपेक्षा बोलावयास सोपी असली तरी पुरी करण्यास मोठी कठीण आहे. पहिल्या कामास वेग व उंची लागते. दुसऱ्यास जमिनीजवळील दाट हवेंत स्थैर्य, शस्त्रांचें ओझें वाहण्याचें बळ आणि गोळ्या सोसण्याचा कणखरपणा लागतो. १९५०-६० च्या दशकांत भारतीय वायुदलानें नेमकी हीच दुहेरी मागणी बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यापुढें ठेविली. ध्वनीच्या दुप्पट वेग, ६०,००० फूट उंची आणि तळापासून ५०० मैलांवर लढून परत येण्याची क्षमता, असें तिचें स्वरूप होतें.

कारखान्याचा अनुभव त्या वेळीं बेताचाच होता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें १९४० सालीं त्याची स्थापना केली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें एच. टी. २ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान १९५१ सालीं उडालें. त्या पंख्याच्या विमानावरून एकदम अशा जेट विमानाकडे वळणें हें धाडसच होतें. म्हणून १९५६ सालीं जर्मन अभियंते कुर्ट टँक यांस पाचारण करण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांतील फोके-वुल्फ १९० हें प्रसिद्ध लढाऊ विमान त्यांचेंच.

टँक व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं योजिलेली आकृति मोठी रेखीव होती. पंख ४५ अंशांनीं मागें वळविलेले, आणि जेथें ते जोडले जातात तेथें धड कमरेसारखें आवळलेलें. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकाएकीं वाढतो. परंतु विमानाच्या एकंदर छेदाचें क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलत गेलें, तर तो बराच कमी होतो, हें त्यामागील शास्त्र. प्रथम त्याच आकाराचें लांकडी ग्लायडर करून १९५९ सालापासून त्याची हवेंत परीक्षा घेतली गेली. विमानाच्या नाकांत ३० मिलिमीटरच्या चार तोफा, पोटांत ५० अग्निबाणांची पेटी आणि पंखांखालीं बाँब अथवा इंधनाच्या टाक्या टांगण्यास चार जागा होत्या. सुकाणें हायड्रॉलिक दाबानें चालत. तो दाब गेल्यास वैमानिकास तीं हातानेंही चालवितां येत. १७ जून १९६१ रोजीं विंग कमांडर सुरंजन दास यांनीं हें विमान प्रथम आकाशांत नेलें.

परंतु ज्या इंजिनावर हा सारा आराखडा बेतला होता, तें इंजिनच हातीं आलें नाहीं. ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाची नवी आवृत्ति ८,१७० पौंडांचा रेटा देणार होती. तिच्या विकासाचा खर्च ब्रिटिश सरकारनें उचलला नाहीं, आणि भारतानेंही उचलला नाहीं. अखेर ४,८५० पौंड रेट्याचीं दोन जुनीं ऑर्फियस इंजिनें बसवावीं लागलीं. म्हणजे बळ जेमतेम तीन-पंचमांश उरलें. पुढें इजिप्तमध्यें तयार होत असलेलें इंजिन एका मरुतांत बसवून १९६७ सालीं उडवून पाहिलें, पण तो उपक्रमही मध्येंच संपला. बाहेर पडणाऱ्या वायूंत पुन्हा इंधन जाळून ऑर्फियसचाच रेटा वाढविण्याचा प्रयत्न झाला. अशाच एका विमानाच्या अपघातांत १० जानेवारी १९७० रोजीं सुरंजन दास यांचा अंत झाला.

मरुतचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकला. उंचावर शत्रूस अडविण्याचें काम रशियन मिग-२१ कडे गेलें. मरुतच्या वांट्यास जमिनीवरील मारा उरला. तो त्यानें उत्तम बजाविला. १९७१ च्या युद्धांत राजस्थान आघाडीवर गोळ्यांनीं एक इंजिन बंद पडलेलीं मरुत विमानें दुसऱ्याच्या बळावर तळावर परतलीं. दोन इंजिनें व दुहेरी सुकाणूव्यवस्था यांचें तें फळ होतें. एकंदर १४७ मरुत बांधले गेले आणि १९९० पर्यंत ते सेवेंतून निवृत्त झाले.

विमानाचा देह पांच वर्षांत उभा राहिला. इंजिनासाठीं मात्र प्रचंड उष्णतेंत टिकणारे धातु आणि दीर्घकाळ जोपासलेलें कसब लागतें. तें ऐन वेळीं विकत मिळेल, या भरंवशावर मरुतची योजना उभी होती. त्याच बंगलोरांत घडलेलें तेजस विमान २००१ सालीं उडालें, तें अमेरिकन इंजिनावर; त्यासाठीं योजिलेलें कावेरी हें भारतीय इंजिन त्यांत बसलें नाहीं. इंजिनाचा प्रश्न मरुतबरोबर संपला नव्हता.