गहू वजा केल्यावर

सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराच्या पथ्याचा इतिहास वजाबाकीने सुरू होतो. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं; पाव, बटाटे आणि झाडून सगळी धान्यं बंद. मुलं सुधारली आणि केळ्याला फुकटचा औषधाचा मान मिळाला. खरा गुन्हेगार हॉलंडमध्ये सापडला. हेगचे डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली. पाव परतला तशी पुन्हा आजारली. १९५० च्या प्रबंधात डिके यांनी गव्हाचा दोष मांडला. तांदूळ, मका निर्दोष सुटले.

पण युरोपच्या जेवणातून गहू काढला तर उरतं काय? ती जागा पुढे कारखान्यांनी मक्याच्या नि बटाट्याच्या स्टार्चने भरली. पोट भरतं, चोथा, लोह, फोलेट मात्र कमी पडतं. तसलीच पाकिटं घेऊन आता पुण्यात आया माझ्याकडे येतात. मी आहारतज्ज्ञ. पाकिटं बाजूला सारते आणि विचारते, तुमच्या आजीकडे रोज काय शिजायचं?

कारण आमच्या सोलापूरकडे गहू रोजचा नव्हताच. तो सणाचा, पुरणपोळीचा, पाहुण्याचा. रोज ज्वारी, तीही मालदांडी. मोहोळला निवडलेलं तिचं एम ३५-१ हे वाण अजून रब्बीत टिकून आहे. आणि भाकरी कधी एकटी नसे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी. ती उणीव पिठल्यातलं बेसन, मटकीची उसळ, तुरीची डाळ भरून काढत. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी स्निग्धांश पुरवी. अंबाडीच्या भाजीत डाळ नि ज्वारीच्या कण्या पडत. कुणी तक्ता मांडून हे ठरवलेलं नव्हतं.

मला सगळ्यांत हुशार वाटतं ते भोगीचं ताट. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगं, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोले, बोरं यांची तिळाचं कूट घातलेली भाजी. बाजरीत लोह, तिळात कॅल्शियम, शेंगांत प्रथिनं नि फोलेट. लोह अंगी लागावं म्हणून लिंबू पिळायला सांगते, तेवढी भर माझी. हे ताट वर्षातून एकदाच का, हे मला कळलेलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. तीही एक ज्वारीच, पण आमच्या मालदांडीवाल्यांनी नाकं मुरडत खाल्ली. मग हरितक्रांतीचा गहू स्वस्त झाला, रेशनवर आला, आणि पोळी ऐपतीची, भाकरी गरिबीची ठरली. आता तीच ज्वारी मॉलमध्ये ‘ग्लूटेन-फ्री’, म्हणजे गव्हातलं बाधणारं प्रथिन नसलेली, म्हणून चकचकीत पाकिटात विकली जाते. विकोत बापडे, पण सोबतची चटणी नि उसळ त्या पाकिटात येत नाही.

पूर्वी कुणाला पडली नसेल अशी काळजी आता घ्यावी लागते. गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून पडलेल्या ज्वारीत त्याचं पीठ मिसळतं. म्हणून घरची छोटी चक्की बरी. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि पिठलं तर हिंगाशिवाय होत नाही! म्हणून सिलिअ‍ॅकच्या घरी फोडणी लसणाची. थालीपिठाच्या भाजणीतही पुष्कळ घरी गहू पडतो, तो सोडून वेगळी भाजायची.

मुलं भाकरीला कंटाळतात, हे खरंच. मग नाचणीचं आंबील ताकातलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि सिलिअ‍ॅकच्या मुलांची हाडं त्याला भुकेलेली असतात. डब्यात मुगाची धिरडी, मधल्या वेळी ज्वारीच्या लाह्या नि शेंगदाणे. साबुदाण्याची खिचडी फक्त एकादशीला.