मोलकरणीचें मोल

उदगीरचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई उभी राहते. सदाशिवरावभाऊंनीं तेथें निजामास नमविलें, आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच पानिपत झालें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु उदगीरच्या इतिहासांत आणखी एक तारीख आहे. तिची बखर कोणी लिहिली नाहीं. तथापि आमच्या घरोघरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईच्या पगारावर तिचा परिणाम भाऊंच्या विजयाहून अधिक झाला, असें आमचें मत आहे. ती तारीख १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशीं हैदराबाद राज्य मोडलें आणि जुन्या बिदर जिल्ह्याची भाषावार वांटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे मुंबई राज्यांत आले. खुद्द बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्याकडे गेले. या वांटणीचा भांडीं घांसण्याशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. तो सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें भाग आहे.

आपल्या भाषेंत घरकाम करणाऱ्या स्त्रीस तीन जुनीं नांवें आहेत: बटीक, कुणबीण आणि मोलकरीण. पहिल्या दोघींना पगार नव्हता. पेशवाईंत कुणबिणी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात. त्यांचा हक्क अन्नवस्त्रापुरता. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांतील न्यायालयांनीं असली मालकी मानण्याचें सोडलें, आणि मग हळूहळू तिसरें नांव सार्वत्रिक झालें. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. कुणबिणीची किंमत तिच्या देहाची होती, मोलकरणीची तिच्या कामाची. हा फरक लहान नव्हे. मात्र नांवांत मोल आलें तरी तें ठरवावें कसें, हें कोणी सांगितलें नाहीं. (मूल सांभाळणारीस आपण ‘आया’ म्हणतों, तो शब्द तर पोर्तुगीजांकडून आलेला.)

कोणीच सांगितलें नाहीं, असें म्हणणेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. शुक्रनीति नांवाच्या संस्कृत ग्रंथांत चाकरांच्या वेतनाचा विचार फार बारकाईनें केला आहे. तो ग्रंथ शुक्राचार्यांचा नव्हे हें उघड आहे. कांहीं विद्वान तर त्यास एकोणिसाव्या शतकापर्यंत अलीकडे ओढतात. कोणाचाहि असो, लिहिणारा व्यवहारांत मुरलेला होता खास. त्याच्या मतें वेतन तीन रीतींनीं ठरतें: कामावरून, काळावरून, किंवा ‘इतक्या वेळांत इतकें काम’ असें दोन्ही मिळून. वेतनाच्या प्रतीहि तो तीनच सांगतो. ज्यांत चाकराच्या पोष्यवर्गाचें नीट पोषण होतें तें उत्तम, ज्यांत अन्नवस्त्र भागतें तें मध्यम, आणि ज्यांत त्या एकट्याचेंच पोट कसेंबसें भरतें तें हीन. हीन वेतन देणारा धनी आपले शत्रु आपणच निर्माण करतो, असेंहि त्यानें बजाविलें आहे. घरच्या चाकरास दिवसा व रात्रीं विसांव्याचा वेळ द्यावा, वर्षांत पंधरा दिवस रजा द्यावी, आजारी पडल्यास सगळा पगार कापूं नये, वर्षाअखेर वेतनाचा आठवा हिस्सा बक्षीस द्यावा, हीं कलमें वाचलीं म्हणजे हा ग्रंथकार एखाद्या कामगार संघाचा चिटणीस होता कीं काय असें वाटूं लागतें! खेद एवढाच, कीं ज्या घरांत संस्कृताचा अभिमान पिढीजात आहे, त्या घरांतहि हीं कलमें अमलांत आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

निजामाच्या राज्यांत या विचाराची गरज फारशी भासलीच नसावी. तेलंगणांत भगेला पद्धति होती: कर्ज घेणारा सावकाराच्या घरीं राबे, आणि राबणें व्याजांतच जिरे. १९३६ सालीं हैदराबाद सरकारनें नियम करून असे करार लेखी व वर्षाच्या आंतले असावे असें ठरविलें; अंमलबजावणी नांवालाच झाली. आमच्या मराठी तालुक्यांत सालगडी असे. पाडव्याला सालाचा ठराव होई, उचल दिली जाई. ठराव गड्याशीं होई. पण त्याची बायको वाड्यावर शेण काढी, सडासारवण करी, धन्याचें तान्हें मूलहि खेळवी. तिचा आंकडा ठरावांत नसे. भाकरी, कोरड्यास आणि सणाला जुनेरें, हें तिचें मोल. पुढें वाडे गेले, नोकरदारांची वस्ती वाढली, भाकरीच्या जागीं नोटा आल्या. पण आंकडा अजून शेजारणीस विचारूनच ठरतो. ‘तुम्ही किती देतां?’ हाच आमच्या वेतनशास्त्राचा आद्य आणि अंतिम ग्रंथ.

आतां त्या वांटणीकडे वळूं. १९४८ च्या मार्च महिन्यांत किमान वेतनाचा कायदा दिल्लींत झाला, तेव्हां उदगीर अजून निजामाकडेच होतें. त्या कायद्याच्या परिशिष्टांत घरकाम नव्हतें. तें घालण्याची मुभा राज्यांना होती. २००४ सालीं कर्नाटकानें ती वापरली. चार माणसांच्या घरीं धुणें, भांडीं, झाडलोट किंवा मूल सांभाळणें यांपैकीं एका कामास रोज पाऊण तास धरून महिना १५० रुपये, आणि सगळें काम आठ तास केल्यास १,६०० रुपये, असे दर निघाले. माणसें चारांहून अधिक असल्यास दहा टक्के जास्त. भागाकार केल्यास दोन्ही दर तासाला पावणेआठ रुपयांच्या आसपासच पडतात. रक्कम हलकीच होती, आणि पुढें ती वाढवावी लागली. पण पाहण्यासारखें आहे तें माप. काम, वेळ आणि घरांतील माणसें या तिन्हींचा त्यांत हिशेब आहे. जुन्या एकाच जिल्ह्याचे दोन तुकडे. त्यांतल्या बिदरच्या बाईला दाखविण्यापुरता तरी एक कागद मिळाला, उदगीरच्या बाईला तोहि नाहीं.

महाराष्ट्रांत कांहीं झालें नाहीं असें नव्हे. आजारपणामुळें कामावर न आलेल्या एका बाईस काढल्यावरून १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं संप केला, आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यांत नोंदणी आहे, कांहीं अर्थसाह्य आहे. पगाराचा दर मात्र नाहीं.

तेव्हां दर आपणच काढावयास हवा, आणि तो शेजारणीस न विचारतां काढतां येतो. २०२५-२६ सालासाठीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. आठ तासांचा दिवस धरल्यास तासाला ३९ रुपये. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०२८ रुपये. आणि चार सुट्ट्या यांत आल्याच, त्यांचा वेगळा उपकार नको. पाहुण्यांच्या महिन्यांत तास वाढले तर पैसेहि वाढावे.

मूल सांभाळण्यास मात्र कामाचें माप लागत नाहीं, फक्त काळाचें लागतें. मूल निजलें म्हणून आया मोकळी होत नाहीं. सकाळीं नवापासून सायंकाळीं पांचापर्यंत थांबणारीस वरील हिशेबानें ८,११२ रुपये होतात. हा आंकडा ऐकून आमचे स्नेही दचकतात. घरांतील दोघेहि मिळवते असतात, आणि तिच्या त्या आठ तासांवरच सूनबाईंची नोकरी उभी असते, हें ध्यानांत घेतल्यास दचकण्याचें कारण उरत नाहीं. पदरीं दोन मुलें व घरभाडें असणाऱ्या बाईस इतक्या पैशांत शुक्रनीतींतील मध्यम वेतनसुद्धां गांठणें कठीण. आणि ती आमचें नातवंड कडेवर घेऊन बसते तेव्हां तिचें स्वतःचें धाकटें मूल बहुधा थोरल्या मुलीकडे असतें. ती मुलगी त्या दिवशीं शाळेंत गेलेली नसते.