दुसऱ्याच्या सोयीसाठी बनलेला लॅपटॉप

मी ज्या लॅपटॉपवर हे टाइप करतोय, त्याच्या झाकणावर एका कंपनीच्या स्टिकरचा गोंद अजून शिल्लक आहे. बारकोड आणि मालमत्ता क्रमांक असलेलं ते स्टिकर विकणाऱ्याने खरवडून काढलं, पण अर्धवटच. थिंकपॅड टी४२०, मॉडेल २०११ चं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र लॅमिंग्टनच) असे लॅपटॉप थप्पीने मिळतात. लीज संपली की कंपन्या ते एकगठ्ठा विकतात, मग ते पुसूनबिसून दुकानात येतात.

जुन्या थिंकपॅडचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. रॅम वाढवा, एसएसडी बसवा, लिनक्स टाका, झाला नवा! त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण हा लॅपटॉप इतका सहज उघडता का येतो, हे त्यात कोणी विचारत नाही. माझ्या मते त्याचं उत्तर त्या चिकट चौकोनात आहे. उघडण्याची, बदलण्याची, वाढवण्याची ही सगळी सोय स्टिकर लावणाऱ्या कंपनीसाठी होती. आपण नंतर आलो आणि ती आयती वापरली. म्हणूनच कंपन्यांची गरज बदलली तेव्हा ती सोयही गेली. आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

सुरुवात १९९२ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने थिंकपॅड ७००सी बाजारात आणला. २५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२० एमबीची हार्ड डिस्क, १०.४ इंची रंगीत स्क्रीन आणि किंमत ४,३५० डॉलर. घरी पत्र लिहायला एवढे पैसे कोण घालणार? गिऱ्हाईक होतं कंपनीचं खरेदी खातं. बाहेरचं रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं. जपानी जेवणाच्या काळ्या चौकोनी डब्यावरून, म्हणजे बेंतोवरून, त्याला ते सुचलं. बंद असताना साधा काळा डबा, आत काय आहे ते उघडल्यावरच कळणार. आतली इंजिनिअरिंग जपानमधल्या आयबीएमच्या यामातो प्रयोगशाळेची, आरिमासा नाइतो यांच्या देखरेखीखाली झालेली. कीबोर्डच्या मधोमध असलेलं ते लाल बोंड टेड सेल्करच्या संशोधनातून आलं. त्या लाल रंगाची एक गंमत आहे. आयबीएममध्ये लाल रंग धोक्याच्या बटणासाठी राखीव होता, म्हणून डिझाइनवाल्यांनी कागदोपत्री त्याला ‘मजेंटा’ म्हटलं आणि हळूहळू तो लाल करत नेला. नियम मोडायचाच असेल तर असा मोडावा.

पण आपल्या गोष्टीतलं खरं महत्त्वाचं पात्र म्हणजे आयबीएमची दुरुस्तीची जुनी सवय. ही कंपनी मोठाल्या मेनफ्रेम संगणकांवर वाढलेली. गिऱ्हाइकाच्या बँकेत मशीन बंद पडलं की तंत्रज्ञ बॅग घेऊन जाणार, बिघडलेला भाग काढणार, नवा घालणार आणि अर्ध्या तासात बाहेर पडणार. अशा जागेवर बदलायच्या भागाला तिथे एफआरयू म्हणत, म्हणजे फील्ड रिप्लेसेबल युनिट. हीच पद्धत लॅपटॉपलाही लागू झाली. बिजागरी, पंखा, कीबोर्ड, स्पीकर, स्क्रीनची वायर, प्रत्येकाला क्रमांक. शिवाय सगळं मशीन क्रमाक्रमाने कसं सोडवायचं, कुठला स्क्रू किती लांबीचा, हे चित्रांसकट सांगणारं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. ते कोणालाही फुकट मिळायचं. २००५ मध्ये लेनोव्होने आयबीएमचा पीसी विभाग सुमारे १.२५ अब्ज डॉलरना विकत घेतला. ‘आता थिंकपॅड संपला’ अशी आरडाओरड झाली, पण मॅन्युअलं निघत राहिली आणि एफआरयू क्रमांकही राहिले. गिऱ्हाईक तेच होतं ना!

आता टी४२० उलटा करा. तळाच्या स्क्रूंजवळ बारीक चिन्हं कोरलेली आहेत. कीबोर्डचं चिन्ह असलेले स्क्रू काढले की कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने सरकवून उचलता येतो. चहा सांडला तर तो खाली वाहून जावा म्हणून भोकं ठेवलेली आहेत. बॅटरी खटक्याने निघते. हार्ड डिस्क एका बाजूच्या झाकणाआड आहे. डीव्हीडी ड्राइव्ह खटका सरकवून अख्खाच बाहेर येतो आणि त्या जागी दुसरी डिस्क बसवायचा सांगाडा मिळतो. रॅमचे दोन स्लॉट आहेत. प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे, म्हणजे तोसुद्धा काढून दुसरा लावता येतो. आज हे वाचताना एखाद्या जुन्या वाड्याचं वर्णन ऐकल्यासारखं वाटतं.

यातली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या आयटी विभागाच्या नजरेतून बघा. डिस्क झटकन निघते, कारण मशीन बिघडलं तर डिस्क काढून दुसऱ्या टी४२० मध्ये घालायची आणि साहेबांना कामाला लावायचं. रॅम वाढवता येते, कारण तीनशे मशीन एकाच मापाची घेऊन गरज असेल तिथेच पट्टी वाढवणं स्वस्त पडतं. टेबलावरचा डॉक टी४१०, टी४२० आणि टी४३० या तिन्ही पिढ्यांना चालतो. २०० टेबलांवरचे डॉक दर वर्षी फेकायला लावले असते, तर पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली असती. चार्जरचंही तसंच. २० व्होल्टची ती गोल पिन २००६ च्या टी६० पासून २०१२ च्या टी४३० पर्यंत एकच राहिली. लीजचा हिशोब करणाऱ्याने हे मागितलं आणि बनवणाऱ्याने ते दिलं.

आणि मग ते आपल्या हाती आलं. म्हणून टी४२० घ्यावा का, घेतला तर त्यात काय टाकावं, हेही सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे उगाच जातात.

पहिला खर्च एसएसडीचा. जुनी फिरती डिस्क काढून साधी अडीच इंची साटा एसएसडी घातली की पडणारा फरक बाकी सगळ्या बदलांपेक्षा मोठा असतो. मुख्य जागेचा वेग ६ गिगाबिट प्रतिसेकंद, त्यामुळे एसएसडीला मोकळा रस्ता मिळतो. आत मोबाइल डेटा कार्डासाठी एक छोटा स्लॉट आहे, तिथे एमसाटा एसएसडीही बसते, पण तिथला वेग निम्मा. ऑपरेटिंग सिस्टीम मुख्य जागेवर ठेवावी आणि फोटो-बिटो तिकडे. दुसरा खर्च रॅमचा. डीडीआर३ च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण १६. इथे फायदा दुहेरी आहे. या मशीनमधल्या इंटेल एचडी ३००० ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच खातं. एकाऐवजी दोन पट्ट्या असल्या की स्क्रीनवरचं कामही थोडं हलकं होतं. तिसरा खर्च थोड्या वेळाचा. पंखा काढा, धूळ झाडा, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसा आणि नवी लावा. ‘गरम होतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

बॅटरीबाबत मात्र जपून. नऊ सेलची बॅटरी मागे शेपटीसारखी बाहेर येते आणि छान चालते, पण स्वस्तातल्या नकली बॅटरीत कुठले सेल भरलेत हे तुम्हाला दिसत नाही. इथे काटकसर नको.

प्रोसेसर बदलण्याच्या मोहात सगळेच पडतात. टी४२० मध्ये बहुधा आय५-२५२०एम असतो, दोन कोर, ३५ वॉट. सॉकेट असल्यामुळे चार कोरचा आय७ बसतो. पण त्या काळातले बहुतेक चार कोरवाले ४५ वॉटचे, आणि इथला पंखा ३५ चा विचार करून बसवलेला. मशीन तापतं, मग स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. हौस म्हणून करा, कामासाठी नको. स्क्रीन ही खरी दुखरी जागा आहे. १३६६ बाय ७६८ ची ती फिकट स्क्रीन जरा मान हलवली की रंग बदलते. १६०० बाय ९०० वाला टी४२० मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

काही गोष्टी मात्र कितीही पैसे घातले तरी यायच्या नाहीत. यूट्यूबचे आजचे बरेच व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबलेले असतात, त्यातल्या व्हीपी९ किंवा एव्ही१ ला या ग्राफिक्सची मदत होत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा भणभणतो. यूएसबी ३ नाही. ते हवं तर बाजूच्या एक्सप्रेसकार्डच्या खाचेत कार्ड घालावं लागतं. लेखन, कोडिंग शिकणं, स्प्रेडशीट, वाचन, यासाठी हा लॅपटॉप आजही चोख आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी नाही.

एवढं वाचून हे उघडं घर आहे असं वाटेल, पण त्यालाही कुलूप होतं. वायफाय कार्ड एका स्क्रूने निघतं, पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं लावलं की मशीन सुरू होतानाच अडतं. स्क्रीनवर १८०२ ही चूक येते, अनधिकृत नेटवर्क कार्ड. बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादीच आहे. त्यासाठी दिलं जाणारं कारण असं की रेडिओ लहरींचे नियम पाळताना अँटेना आणि कार्ड यांची जोडी मिळूनच प्रमाणपत्र मिळतं. कारण खोटं नाही, पण आयटी विभागाला याचा त्रास नव्हता. ते यादीतलंच कार्ड मागवणार. काच लागायची ती आपल्याला. मग जगभरच्या हौशी मंडळींनी सुधारलेले बायोस काढले. कोअरबूट नावाचं मुक्त फर्मवेअर टी४२० वर चालतं आणि त्यात ही यादीच नाही. ते चढवण्यासाठी काही लोक मदरबोर्डवरच्या चिपला चिमटा लावून बसतात. कोणाची नजर न चुकवता, स्वतःच्या पैशाच्या वस्तूत स्वतःच्या आवडीचं कार्ड घालण्यासाठी!

वळण नेमकं टी४२० च्या जन्मवर्षातच आलं. त्याआधी, जानेवारी २००८ मध्ये, स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला होता. त्याची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ ही कल्पना आणली आणि अशा सडपातळ लॅपटॉपच्या तंत्रज्ञानासाठी ३० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. सॉकेटला उंची लागते, स्लॉटला उंची लागते, खटक्याने निघणाऱ्या बॅटरीला वेगळी पेटी लागते. हे सगळं मिलिमीटरच्या हिशोबात गेलं. खरेदी खात्यानेही हट्ट धरला नाही. फायली सर्व्हरवर गेल्या होत्या, तीन वर्षांची वॉरंटी होती, बिघडलं तर अख्खं मशीन बदलून मिळत होतं. रॅम वाढवणारा माणूस पगारावर ठेवण्यापेक्षा हे सोपं.

पुढचा क्रम भराभर आहे. २०१२ च्या टी४३० मध्ये जुना सात ओळींचा कीबोर्ड गेला आणि अस्सल नसलेली बॅटरी ओळखून ती चार्जच न करणारं फर्मवेअर आलं. (टी४२० चा कीबोर्ड थोडा कानसून आणि फर्मवेअर बदलून टी४३० मध्ये बसवणारे लोक आहेत. त्यांना माझा दंडवत.) त्याच वर्षी आलेल्या एक्स१ कार्बनमध्ये रॅम सोल्डर केलेलीच होती. २०१३ च्या टी४४०एस मध्ये ४ जीबी पक्की आणि एकच स्लॉट. प्रोसेसरचं सॉकेट टी४४०पी पर्यंत टिकलं, पण इंटेलच्या पुढच्या पिढीत लॅपटॉपसाठी सॉकेटमधली चिपच आली नाही. २०१८ च्या टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आणि बाहेरून बदलता येणारी बॅटरी शेवटची एकत्र दिसली. २०१९ च्या टी४९० मध्ये बॅटरी आत गेली आणि रॅमचा एक भाग कायमचा चिकटला.

या टी४८० कडे नीट बघा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी लागते. टी४२० मध्ये दुसरी पिढी आणि टीपीएम १.२. म्हणजे तो रीतसर विंडोजच्या बाहेर पडला, लिनक्सवर मात्र निवांत चालतो. बहुतेक टी४८० मध्ये आठवी पिढी आहे. मायक्रोसॉफ्टची रेघ आणि थिंकपॅडमधला शेवटचा खुला दरवाजा योगायोगाने एकाच मॉडेलवर येऊन टेकले.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सुटे भाग, मॅन्युअल, वॉरंटी यांची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. चांगलंच आहे. पण सोल्डर केलेल्या रॅमची माहिती पोर्टलवर मिळाली, म्हणून ती पट्टीसारखी निघत नाही. तो निर्णय कारखान्यात होतो आणि कारखाना मोठ्या ऑर्डरकडे बघतो. २०२४ मध्ये त्या ऑर्डरींचा कल पुन्हा फिरलेला दिसला. लेनोव्होने आयफिक्सिटच्या सल्ल्याने टी१४ ची पाचवी पिढी काढली. तिच्यात रॅमचे स्लॉट परतले आणि आयफिक्सिटने दुरुस्तीसुलभतेसाठी तिला १० पैकी ९ गुण दिले. मोठ्या कंपन्यांना आता आपल्या कार्बनचा हिशोब द्यावा लागतो, आणि त्यात जास्त टिकणारा लॅपटॉप कामी येतो. म्हणजे या वेळीही ते आपल्यासाठी केलेलं नाही.

ती खेप लीजवर गेली आहे. स्टिकरं लागली आहेत. ती खरवडून लॅमिंग्टन रोडवर यायला साधारण २०२८ उजाडेल. तोवर कोणी विचारलं तर मी टी४८० सांगतो, आणि पैसे फारच कमी असतील तर १६०० बाय ९०० चा टी४२०.