अवजड यंत्रांतील हायड्रॉलिक नळ्या आणि त्या बदलण्याची प्रथा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रविज्ञानाचा इतिहास प्रायः शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध कोणी लावला, एकस्व कोणत्या वर्षी मिळाले, पहिले यंत्र कोठे चालले, या प्रश्नांभोवती त्याची मांडणी होते. यंत्र वापरात आल्यावर ते कोणी राखले, त्याचा कोणता भाग किती काळाने बदलला आणि न बदलल्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न मागे पडतात. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने नवनिर्मितीपेक्षा वापर आणि देखभाल यांच्या अंगाने तंत्रविज्ञानाकडे पाहण्याचा आग्रह धरला आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने उत्खनन यंत्रे व लोडर यांतील रबरी नळीचा आणि ती जुनी झाल्यावर बदलण्याच्या प्रथेचा विचार केला आहे. कार्यशाळांमध्ये हिलाच सरसकट ‘होज पाईप’ म्हणतात. यंत्राचा पोलादी सांगाडा कित्येक वर्षे टिकतो; नळीचे आयुष्य त्या मानाने फार थोडे असते. ती फुटल्यावर बदलायची की फुटण्यापूर्वी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः धोका कोणी पत्करायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

पाण्याकडून तेलाकडे

द्रवाच्या दाबाने काम करून घेण्याची कल्पना पास्कलच्या सिद्धांताइतकी जुनी असली, तरी तिला व्यावहारिक रूप १७९५ साली जोसेफ ब्रामा याने एकस्व घेतलेल्या दाबयंत्रामुळे आले. दट्ट्याभोवतीची गळती रोखण्यासाठी त्यात चामड्याची वाटी वापरली जाई. पुढे १८४६ साली विल्यम आर्मस्ट्राँग याने न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभी केली. लंडनमध्ये तर १८८३ पासून एक कंपनी दाबयुक्त पाणी नळांवाटे गोदामांना आणि उद्वाहकांना विकत होती. तो व्यवसाय १९७७ पर्यंत चालला. या व्यवस्थेत नळ लोखंडी होते आणि यंत्र आपल्या जागी स्थिर होते. लवचीक नळीची निकड अद्याप भासली नव्हती.

पाणी गोठते आणि लोखंड गंजवते. तेल हे दोन्ही करत नाही, शिवाय यंत्राला वंगणही पुरवते. १९०६ साली अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर तोफा फिरवण्यासाठी पाण्याऐवजी तेलावर चालणारी यंत्रणा बसवण्यात आली, हा या स्थित्यंतरातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. तथापि तेलाने एक नवी अडचण निर्माण केली. चार्ल्स गुडइयर याच्या १८४४ च्या एकस्वामुळे व्हल्कनीकृत रबर उपलब्ध झाले होते. परंतु नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. तेलाला तोंड देणारे रबर मिळेपर्यंत तेलाची लवचीक नळी दीर्घकाळ टिकणे शक्य नव्हते. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने १९३१ साली बाजारात आणलेले निओप्रीन आणि त्याच दशकात जर्मनीत विकसित झालेले नायट्राइल रबर यांनी ही कोंडी फोडली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या गरजेने या उद्योगाला गती दिली. मिशिगनमधील जॅक्सन येथे १९४० साली स्थापन झालेली एरोक्विप ही कंपनी त्याच काळाचे अपत्य होय.

दोराची जागा नळीने घेतली

विल्यम ओटिस याने १८३९ साली वाफेच्या फावड्याचे एकस्व घेतल्यापासून शतकभर उत्खनन यंत्रांचा बाहू साखळ्यांनी आणि पुढे मुख्यत्वे तारेच्या दोरांनी हलवला जात होता. युद्धोत्तर काळात ही स्थिती झपाट्याने पालटली. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या इंग्लंडमधील कंपनीने १९५३ साली आपला पहिला बॅकहो लोडर तयार केला. जर्मनीत डेमागने १९५४ साली पूर्णतः हायड्रॉलिक उत्खनन यंत्र आणले. फ्रान्समध्ये पोकलेनचे टीवाय ४५ हे यंत्र १९६१ साली आले.

या बदलाचे वर्णन सामान्यतः सामर्थ्य, वेग आणि अचूकता यांच्या भाषेत केले जाते. एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. तारेचा दोर जीर्ण होतो तेव्हा त्याचे तुटके धागे बहुधा बाहेर दिसतात आणि अनुभवी चालक हातमोजा घालून ते मोजू शकतो. नळीचे तसे नाही. आत तेलरोधक रबराचे अस्तर, मध्ये पोलादी तारेची एक वा अधिक विणी आणि बाहेर संरक्षक आवरण, अशी तिची रचना असते. उष्णतेने अस्तर आतून कडक होते. वारंवार वाकल्याने आणि दाबाच्या धक्क्यांनी तारांना थकवा येतो. आवरणाला चीर गेली की ओलावा शिरून वीण गंजते. यांतील बरेचसे बाहेरून दिसत नाही. दोराकडून नळीकडे जाताना यंत्राची शक्ती वाढली, पण त्याची झीज डोळ्यांआड गेली. देखभालीच्या दृष्टीने हा बदल मूलभूत होता.

गळती शोधणारा हात

अमेरिकन सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या मानकानुसार अर्धा इंच अंतर्व्यासाच्या दोन विणींच्या नळीचा कार्यदाब दर चौरस इंचास ३५०० पौंड इतका धरला जाई. अशा दाबाखालील नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर तेलाची धार दिसतही नाही आणि ती त्वचेतून थेट शरीरात शिरते. डिझेल इंजिनातील इंधनाच्या उच्चदाब धारेने झालेल्या अशा इजेची नोंद १९३७ सालीच अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. जखम आरंभी एखाद्या टोचणीएवढी दिसते, वेदनाही फारशी नसते. काही तासांत हात सुजतो, आणि शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. गळती कोठे आहे हे नळीवरून हात फिरवून पाहण्याची सवय कामगारांत स्वाभाविक होती. पाण्याच्या आणि वाफेच्या जगातून ती आली असावी. हाताऐवजी पुठ्ठा धरावा, ही आज क्षुल्लक वाटणारी सूचना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

दुसरा धोका आगीचा. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील ब्वा द्यू काझिए या कोळसा खाणीत पाळण्याबाहेर आलेल्या वाघिणीचा धक्का लागून तेलाचा नळ, विजेच्या तारा आणि संपीडित हवेचा नळ एकाच वेळी तुटले. त्या आगीत २६२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १३६ इटालियन स्थलांतरित होते. येथे नळ जुना झाल्यामुळे फुटला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही दाबाखालील तेल म्हणजे काय, हे या दुर्घटनेने युरोपला शिकवले. युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाने खाण सुरक्षा आयोग नेमला आणि अग्निरोधक द्रवांच्या कसोट्या ठरू लागल्या. यातही एक विसंगती दडलेली होती. अग्निरोधक द्रवांपैकी फॉस्फेट एस्टर हा वर्ग नायट्राइल रबर आणि निओप्रीन या दोहोंना निकामी करतो. म्हणजे द्रव बदलला की नळीही बदलणे आले. नैसर्गिक रबर आणि तेल यांची जुनी कथा नव्या रूपात पुन्हा घडली.

मुदतीचा प्रश्न

नळीवर निर्मितीचे वर्ष आणि तिमाही छापण्याची पद्धत रूढ झाल्यावर तिचे वय कागदपत्रांशिवाय वाचता येऊ लागले. जर्मन मानक डीआयएन २००६६ नुसार जोडणीसह तयार नळीने साठवणुकीची कमाल २ वर्षे धरून ६ वर्षांपेक्षा अधिक काळ वापरात राहू नये, असा दंडक आहे. अमेरिकन परंपरा वेगळी आहे. तेथील मार्गदर्शक दस्तऐवज सेवाकाळाची वर्षे ठरवत नाही. तो तपासणी, पूर्वानुभव आणि बिघाडाचे संभाव्य परिणाम यांवर निर्णय सोपवतो. पहिल्या पद्धतीत सुस्थितीतील नळीही फेकली जाते, असा आक्षेप घेतला जातो व तो अगदीच निराधार नाही. परंतु दुसरी पद्धत तपासणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि त्याला दिलेल्या वेळेवर अवलंबून राहते. काम दिवसाच्या भाड्यावर चालते तेथे हा वेळ कोण देणार, याचे उत्तर मानकात नसते.

महाराष्ट्रातील संदर्भ

या यंत्रांशी मराठी भाषेचे नाते विलक्षण आहे. लार्सन अँड टुब्रो कंपनीने फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने भारतात उत्खनन यंत्रे बनवली आणि ‘पोकलेन’ हे व्यापारनाम साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या कोणत्याही उत्खनन यंत्राचे सामान्यनाम झाले. बोलीत त्याचे ‘पोकलँड’ असेही रूप ऐकू येते. १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत उत्पादन सुरू झालेल्या ‘जेसीबी’चेही तसेच झाले. नावे अशी घराघरांत पोहोचली; नळीच्या मुदतीची शिस्त त्यांच्याबरोबर आली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३१ व्या कलमात दाबयुक्त संयंत्रांविषयी तरतूद होती, परंतु विहिरीवर किंवा रस्त्याच्या कामावर राबणारे यंत्र कारखान्याच्या चौकटीत बसत नव्हते. बांधकाम कामगारांसाठीचा स्वतंत्र केंद्रीय अधिनियम १९९६ साली आला.

प्रत्यक्षात नळी बदलण्याचे काम महामार्गालगतच्या छोट्या दुकानांतून होते. फुटलेली नळी नमुना म्हणून आणली जाते, तेवढ्याच लांबीचा तुकडा कापून टोकांना धातूच्या जोडण्या क्रिंपिंग यंत्रावर दाबून बसवल्या जातात आणि यंत्र त्याच दिवशी कामावर परतते. या कारागिरीचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण नमुना म्हणून जी नळी येते ती बहुधा फुटलेलीच असते. तिच्या शेजारची, त्याच वयाची नळी यंत्रावरच राहते. यंत्र किती तास चालले याची नोंद चालकाच्या वहीत सापडते. कोणती नळी केव्हा बसवली याची नोंद क्वचितच असते, आणि काढलेली नळी तिच्यावर छापलेल्या तारखेसह भंगारात जाते.