रात्र-रात्र जागरण, हात सैल खर्च आणि मग महिनाभर अंथरूण... तरुण वयातला बायपोलर डिसऑर्डर कसा ओळखायचा? बारामती-इंदापुरात उपचार कुठे मिळतील?

बारावीपर्यंत शांत असलेलं पोर एकाएकी रात्र-रात्र जागं राहू लागतं. नोकरी नको, थेट धंदाच टाकतो म्हणतं. ऐकणाऱ्याला दम लागेल इतकं भराभर बोलतं, मोबाइलवरून पैसे उडवतं. महिना-दोन महिन्यांनी तेच पोर खोलीचं दार लावून पडून राहतं, अंघोळही नको म्हणतं.

गावात यावर तीन निदानं तयार असतात. पोराला वाईट संगत लागली, पोराला बाहेरचं झालं, किंवा पोराचं लग्न करून टाका. चौथी शक्यता फार कमी घरांत बोलली जाते. ती म्हणजे बायपोलर डिसऑर्डर. हा आजार बहुतेकदा शिक्षण, नोकरी आणि लग्नाच्या वयातच सुरू होतो. म्हणून तो ओळखायला उशीर झाला तर नुकसानही मोठं होतं.

किती जणांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात पाहणीच्या वेळी सुमारे ०.३ टक्के प्रौढांना बायपोलर असल्याचं दिसलं. आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचं प्रमाण ०.५ टक्के होतं. त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते.

हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. तरी अंदाजासाठी हाच आकडा धरून पाहू. २०११ च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांच्या आसपास होती. त्यातले साडेपाच लाख प्रौढ धरले, तर या दोन तालुक्यांत सोळाशेच्या आसपास लोक या आजारासोबत जगत असावेत. ७० टक्क्यांचं प्रमाण इथेही लागू धरलं, तर त्यातले अकराशेहून जास्त उपचारांविना आहेत.

हा आजार नेमका काय आहे?

मूड सगळ्यांचाच बदलतो. सकाळी भांडण झालं म्हणून चिडलेला माणूस संध्याकाळी हसतो, याला बायपोलर म्हणत नाहीत. या आजारात मूडची दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोक दिवसेंदिवस, कधी महिनोन्महिने टिकतं.

पहिलं टोक मॅनियाचं, म्हणजे उन्मादाचं. साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ माणूस अतिउत्साही किंवा अतिचिडचिडा राहतो. दोन-तीन तास झोपूनही तो थकत नाही. विचार इतके धावतात की एक वाक्य पुरं होण्याआधी दुसरं सुरू होतं. आपल्यात काही खास शक्ती आहे, असं त्याला वाटू लागतं. खर्च, कर्ज, भरधाव गाडी, भलतीसलती नाती यांत तो उडी घेतो. काहींना नसलेले आवाज ऐकू येतात किंवा सगळे आपल्या विरोधात आहेत असं वाटतं.

याच अवस्थेचं सौम्य रूप म्हणजे हायपोमॅनिया. ते किमान चार दिवस टिकतं. यात माणूस इतका कामाचा वाटतो की घरच्यांना उलट बरंच वाटतं.

दुसरं टोक नैराश्याचं. दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, आपण ओझं आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. कधी दोन्ही टोकं एकत्र येतात. अंगात बेचैनी उन्मादाची आणि विचार नैराश्याचे, अशी ही मिश्र अवस्था जास्त धोक्याची मानली जाते.

पूर्ण मॅनिया येऊन गेला असेल तर त्याला बायपोलर-१ म्हणतात. हायपोमॅनिया आणि मोठं नैराश्य असेल तर बायपोलर-२. चढउतार सौम्य असले, पण दोन-दोन वर्षं चालूच राहिले, तर सायक्लोथायमिया.

तरुणपणी ओळखायला उशीर का होतो?

बहुतेकांमध्ये हा आजार किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो. पण पहिल्या लक्षणांपासून योग्य उपचार मिळेपर्यंत सरासरी पाच-सहा वर्षं जातात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे सतराव्या वर्षी आजार सुरू झाला, तर कॉलेज संपेपर्यंत त्याला नाव मिळालेलं नसतं.

याची कारणं तीन आहेत. एक म्हणजे, वयात येताना मुलं चिडतात, जागतात, भांडतात, त्यामुळे लक्षणं 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिली जातात. दुसरं, आजाराची सुरुवात अनेकदा नैराश्यानं होते. डॉक्टरांकडे जाणंही त्याच काळात होतं आणि आधीच्या उत्साहाच्या काळाबद्दल कोणी सांगत नाही. मग फक्त नैराश्याचं औषध सुरू होतं आणि बायपोलर असलेल्या व्यक्तीत नुसत्या अशा औषधानं मॅनिया उसळू शकतो. तिसरं, मॅनियात माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात: झोप न घेताही ताजंतवानं वाटण्याचे दिवस आले होते का, त्या दिवसांत पैसे कसे खर्च झाले, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास होता का.

लहान मुलांमध्ये निदान आणखी जपून करावं लागतं. अतिचंचलता, चिंता, घरातला छळ किंवा गांजासारखी नशा यांमुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात. थायरॉइडचा बिघाड आणि स्टिरॉइडची औषधंही मूड बिघडवतात. त्यामुळे रक्ततपासणी आधी होते. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून हे निदान होत नाही.

कशामुळे होतो?

आई-वडिलांच्या लाडामुळे किंवा धाकामुळे हा आजार होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला बायपोलर असेल, तर धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. तरी अशा घरातल्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

ज्याच्यात आजाराची शक्यता आहे, त्याच्यात तो उसळायला ताण, नशा आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोडलेली झोप कारण ठरू शकते. या भागात झोप मोडण्याची कारणं रोजच्या जगण्यातलीच आहेत. शेतीची लाइट रात्रीची असेल तर उसाला पाणी द्यायला जागावं लागतं. एमआयडीसीत रात्रपाळी असते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चोवीस तास चालतो. स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासिकेत पहाटेपर्यंत बसतात. निदान झालेल्या तरुणासाठी रात्रपाळी टाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

औषधं काय काम करतात?

या आजारावरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होत असल्याचं मांडलं. अमेरिकेत त्याला १९७० मध्ये मान्यता मिळाली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. लिथियममुळे मूडचे झटके कमी होतातच, शिवाय आत्महत्येचा धोकाही घटतो.

पण हे औषध मोजून-मापून घ्यावं लागतं. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० या मर्यादेत ठेवतात. १.५ च्या वर गेलं की विषबाधा होऊ शकते. त्यामुळे लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठरावीक काळानं तपासणी लागते.

इथे बारामती-इंदापूरच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात काम, जुलाब-उलट्या, कडक उपवास, या सगळ्यांत हा धोका असतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेनं जाते. लिथियम घेणाऱ्यानं वारीत चालायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरांशी बोलावं, पाणी कमी पडू देऊ नये आणि झोप मोडू नये. पाय दुखले म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी परस्पर घेऊ नये, त्यानंही पातळी वाढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठावा.

व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन, ओलान्झापिन, लॅमोट्रिजिन ही औषधंही वापरतात. मुली आणि तरुण स्त्रियांसाठी व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात. लॅमोट्रिजिन घेताना अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. गरोदरपणाचा विचार असेल तर गोळ्या स्वतःहून बंद न करता आधी सल्ला घ्यावा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती बरं वाटलं की गोळ्या थांबवण्याची. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे. मधुमेह किंवा बीपीसारखाच हा लांब पल्ल्याचा आजार आहे. जोडीला समुपदेशन, ठरलेल्या वेळी झोप आणि मूडची रोजची नोंद यांचाही चांगला उपयोग होतो.

बारामती-इंदापुरात कुठे जायचं?

इंदापूरहून पुणे साधारण १४० किलोमीटर, बारामतीहून १०० किलोमीटर. प्रत्येक वेळी एवढा प्रवास आणि बुडालेला रोजगार यामुळे अनेकांचे उपचार मध्येच सुटतात. म्हणून सुरुवात जवळून करावी.

• बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग असावाच लागतो. तिथल्या ओपीडीत थेट जाता येतं.

• इंदापूरकरांनी उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तज्ज्ञांचं पथक तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येणं अपेक्षित असतं. तो दिवस विचारून ठेवावा.

• टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

• पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवडा म्हटलं की लोक दचकतात. पण तिथे ओपीडीही आहे आणि दाखवायला गेलेल्या प्रत्येकाला भरती करून घेत नाहीत.

घरच्यांनी काय करायचं?

मॅनियाच्या काळात वाद घालून पटवून देता येत नाही. आवाज खाली ठेवा, खोलीत गर्दी करू नका, झोपेची सोय करा आणि डॉक्टरांना फोन करा. बरं असतानाच त्याच्याशी बोलून काही गोष्टी ठरवून ठेवा: झोप दोन रात्री उडाली तर कुणाला सांगायचं, गाडीची चावी कुणाकडे द्यायची, यूपीआयची मर्यादा किती ठेवायची, सातबाऱ्यावरच्या किंवा उसाच्या बिलाच्या कागदावर एकट्यानं सही करायची नाही. हे सगळं त्याच्या संमतीनं ठरलं तर पाळलं जातं. लादलं तर भांडण होतं.

नैराश्यात 'मन घट्ट कर' म्हणण्यापेक्षा सोबत बसणं आणि दोन घास भरवणं जास्त कामाचं. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. तणनाशकं-कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

देवाला जायचं असेल तर जा, पण गोळ्या सुरू ठेवून जा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

लग्न हा उपचार नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात पहिली फसगत गोळ्यांची होते. त्या लपवून घ्याव्या लागतात आणि मग सुटतात. आधी सांगून, आजार आटोक्यात असताना संसार करणारी अनेक जोडपी आहेत.

कायदा काय हक्क देतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे. साखळीनं बांधण्याला बंदी आहे. १८ वर्षांवरील व्यक्ती बरी असतानाच लिहून ठेवू शकते की पुढे आजार वाढला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, हेही ती ठरवू शकते. अल्पवयीन मुलाला भरती करावं लागलं तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि सोबत पालक राहू शकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो.

पुढचं आयुष्य कसं असतं?

अमेरिकेच्या के रेडफिल्ड जेमिसन यांना हा आजार शाळेच्या शेवटच्या वर्षात सुरू झाला. पुढे त्या याच आजाराच्या जगातल्या मोठ्या अभ्यासक झाल्या. लिथियम सोडल्यावर काय झालं, हेही त्यांनी १९९५ च्या आत्मकथनात मोकळेपणानं लिहिलं. आपल्याकडे जेरी पिंटो यांची माहीममधल्या एका कुटुंबावरची कादंबरी २०१२ मध्ये आली. आईचा हा आजार आणि तिला सांभाळणारं घर तिच्यात आहे. शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावानं मराठीत आणली.

बायपोलर पूर्ण जातो असं डॉक्टर सांगत नाहीत. पण तो आटोक्यात राहतो. एखादं वर्ष मागे पडतं, परीक्षा पुन्हा द्यावी लागते, कामाच्या वेळा बदलाव्या लागतात. शिकणं, कमावणं, संसार करणं हे सगळं तरीही होतं. त्यासाठी पहिली ओपीडीची चिठ्ठी मात्र लवकर निघायला हवी.

(महत्त्वाचं: हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू करण्याआधी किंवा थांबवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर किंवा तातडीची गरज असेल तर ११२ वर लगेच फोन करा.)