फिजिक्स मराठीतून शिकवायचं ठरत होतं, मग काय झालं?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, पण सगळे काही काढलेले नाहीत.

मी नेवाशाचा. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे पैसचा खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली. आणि दुसरी, प्रवरेकाठची पांढरीची टेकाडं, जिथं १९५४ ते ५६ मध्ये हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. आज विषय या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. पण पहिली गोष्ट मध्येच डोकं वर काढणार, आधीच सांगून ठेवतो.

विषय असा आहे, की कॉलेजात फिजिक्स ज्या पद्धतीनं शिकवतात, ती पद्धत आली कुठून? आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, आणि अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजी. बीएस्सीला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आठवा. एक्स्टर्नल इंग्रजीत प्रश्न विचारतात, पोरगं गप्प. मग तेच हळूच म्हणतात, "बरं, मराठीत सांग." आणि पोरगं सांगतं! पूर्ण सांगतं, हातवारे करून सांगतं. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातल्या कॉलेजात सापडेल. मला कायम वाटायचं, की आपल्याकडे कॉलेजचं विज्ञान पहिल्यापासून इंग्रजीतच असणार. तसं नव्हतं. एके काळी हा वाद खरोखर उघडा होता, दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती, आणि निकाल दुसरीकडेही जाऊ शकला असता.

चला, दोनशे वर्षं मागे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाचा इंजिनिअर अधिकारी होता. सरकारला सर्व्हेसाठी आणि बांधकामासाठी स्थानिक माणसं हवी होती. जर्व्हिसनं शास्त्रीपंडितांना हाताशी धरून हटनच्या इंग्रजी ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण चक्क मराठी-गुजरातीतून दिलं. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. तिथं ऑर्लेबार हे गणित आणि 'नॅचरल फिलॉसॉफी'चे प्राध्यापक. फिजिक्सचं तेव्हाचं नाव हेच. त्यांच्या जोडीला बाळशास्त्री जांभेकर. होय, 'दर्पण'वाले. आपण त्यांना पत्रकार म्हणून ओळखतो, पण माणूस गणित शिकवायचा, आणि १८४० ला त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, त्यात मराठीतून विज्ञानाचे लेख यायचे. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. हेच दादाभाई पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि नॅचरल फिलॉसॉफीचे प्राध्यापक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. 'ड्रेन थिअरी'च्या आधी दादाभाई फिजिक्स शिकवत होते, हे एमपीएससीच्या पुस्तकात सहसा येत नाही.

पण मला या सगळ्यांत जवळचे वाटतात ते केरो लक्ष्मण छत्रे, केरूनाना. जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचे. विशीच्या आतच कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लेबारांच्या हाताखाली निरीक्षणं घेण्याच्या कामाला लागले. हवामान, चुंबकत्व, ठरलेल्या वेळी यंत्रापुढे बसायचं, आकडा वाचायचा, लिहायचा. म्हणजे या माणसाचं फिजिक्स यंत्रावर डोळा लावून तयार झालं. पाठांतराला तिथं जागाच नव्हती. १८५१ मध्ये पुण्याच्या जुन्या संस्कृत पाठशाळेचं रूपांतर पूना कॉलेजात झालं. तिथं शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूल विभागात केरूनाना आले आणि गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवू लागले, मराठीतून. सृष्टिशास्त्र! काय शब्द आहे. नंतर तो 'पदार्थविज्ञान' झाला, मग 'भौतिकशास्त्र', आणि आता आपण सगळेच 'फिजिक्स' म्हणतो. हेच पूना कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि तिथं टिळक केरूनानांचे विद्यार्थी होते.

आता वादाकडे येऊ. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याचं शिक्षण 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' चालवायचं. अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, न्यायाधीश. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पैसा थोडा आहे, तेव्हा थोड्यांनाच शिकवा, पण चांगलं आणि इंग्रजीतून शिकवा. बोर्डावर जर्व्हिसही होता, आता कर्नल झालेला. त्याचं म्हणणं उलट: ज्ञान लोकांपर्यंत जायचं असेल तर ते लोकांच्या भाषेतूनच जाईल. १८४७ मध्ये हे प्रकरण चांगलंच पेटलं. बोर्डावरचे तिघे भारतीय, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिसच्या बाजूनं उभे राहिले. इथं थोडं थांबा. शंकरशेट इंग्रजीचे विरोधक अजिबात नव्हते. मुंबईतल्या इंग्रजी शिक्षणाच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. तरी सगळ्यांना शिकवायचं तर देशी भाषाच, या मुद्द्यावर ते हलले नाहीत.

सरकारनं दोघांनाही थोडं थोडं दिलं. आणि अशा तडजोडीत जे होतं तेच झालं. खाली मराठी, वर इंग्रजी. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं ही वाटणी अख्ख्या देशासाठी पक्की केली, १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं ते इंग्रजीत, आणि कॉलेजातलं सृष्टिशास्त्र संपलं. माझं स्पष्ट मत आहे, पेरीचा मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. त्या काळात वरच्या दर्जाचं फिजिक्स मराठीत लिहिलेलंच नव्हतं, आणि इंग्रजीनं जगाचं दार उघडलं हे खरंच आहे. पण हिशोब 'थोड्यांसाठी' केलेला होता. आज प्रत्येक तालुक्यात सायन्स कॉलेज आहे, आणि हिशोब मात्र तोच चाललाय.

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न झाले, नाही असं नाही. भाषा संचालनालयानं परिभाषा कोश काढले, नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं पदवीची मराठी पुस्तकं छापली, १९६६ ला मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, विश्वकोशात फिजिक्सच्या उत्तम नोंदी आल्या. पुस्तकं आली, पण वर्ग मराठीत आले नाहीत. याबद्दल एक वेगळा भाग करावा लागेल, म्हणून इथं पुढे जातो.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, की दादा, भाषा बदलली की सगळं सुटेल का? चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर 'नाही' असं आहे. १९५० च्या सुमारास रिचर्ड फाइनमन ब्राझीलमध्ये शिकवत होते. तिथल्या पोरांना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची व्याख्या तोंडपाठ होती. पण खिडकीबाहेर समुद्रावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश बघा म्हटलं, तर त्या व्याख्येचा आणि या प्रकाशाचा संबंधच कुणाला लागेना. आणि तिथं शिक्षण पोर्तुगीजमध्ये होतं, त्यांच्याच भाषेत. मग हार्वर्डमध्ये एरिक मझूर. त्यांनी १९९० च्या आसपास आपल्या वर्गाला न्यूटनच्या नियमांवरची साध्या शब्दांतली एक चाचणी दिली. गणित नाही, फॉर्म्युला नाही. तर एका मुलीनं विचारलं, की सर, तुम्ही शिकवलं तसं उत्तर लिहू, का मला वाटतं तसं? हार्वर्डची मुलगी! मझूर यांना तिथं कळलं, की आपली पोरं अवघड गणितं सोडवतात, पण आतला समज जुनाच राहतो.

मग त्यांनी लेक्चर मोडलं. थोडं बोलायचं, मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं मत द्यायचं, आणि मग शेजाऱ्याला दोन मिनिटांत पटवायचं. पुन्हा मत. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी साधारण साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. कोर्सच्या आधी जेवढं येत नव्हतं, त्यातलं किती भरून निघालं हे त्यांनी मोजलं. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी २३ टक्के, आणि पोरं बोलतात-भांडतात अशा वर्गांत ४८ टक्के. दुप्पट!

आता हे नेवाशात आणून बघू. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर घ्या, आमच्याकडे हंगामात रस्त्यावर दुसरं काही दिसतच नाही. न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलानं पुढे ओढतो, तेवढ्याच बलानं ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते. मग गाडी निघतेच कशी? बरेच जण म्हणतील, ट्रॅक्टरचा जोर जास्त असतो म्हणून. खरी गंमत अशी, की ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, ती एकमेकांना खोडत नाहीत. ट्रॅक्टर निघतो, कारण चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता चाकाला पुढे ढकलतो, आणि हे पुढचं बल ट्रॉलीच्या ओढीपेक्षा जास्त भरतं. चिखलात रस्ता ढकलू शकत नाही, म्हणून चाक जागेवर फिरतं. हे दृश्य इथल्या प्रत्येक पोरानं पाहिलेलं आहे.

आणि या प्रश्नावर शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडायचं, ते कुठल्या भाषेत? मझूर यांच्या वर्गात हा प्रश्न उद्भवतच नाही. आपल्याकडे तोच पहिला प्रश्न आहे. माणूस व्याख्या परक्या भाषेत पाठ करू शकतो, पण 'अरे थांब, तू म्हणतोस ते खरं असतं तर ट्रॉली तुटली असती ना' हे वाक्य त्याच्या तोंडून इंग्रजीत निघत नाही. म्हणजे वर्गात इंग्रजीच बोला असा नियम केला, की चर्चा मरते आणि उरतं लेक्चर. माझ्या मते पेरीच्या निकालाची खरी किंमत ही आहे. पुस्तक इंग्रजीत राहू द्या, पेपरही राहू द्या. भांडण मराठीत पाहिजे.

याला आपल्याकडचाच आधार आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम केलं. त्यानंतर वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट ठासून मांडली, की पाठ्यपुस्तकातली मराठीसुद्धा पोरांना परकी असते, आणि ती सोपी केली तर विज्ञान जास्त समजतं. हे लक्षात ठेवा. 'मराठी' म्हणजे परिभाषा कोशातली मराठी असं नाही. उदाहरणार्थ, बाजारात आपण वजन किलोत सांगतो, फिजिक्समध्ये किलो हे वस्तुमान आणि वजन न्यूटनमध्ये. 'शक्ती' म्हणजे घरी ताकद, वर्गात पॉवर. हे घोळ बोलून सोडवावे लागतात, नुसता शब्द बदलून सुटत नाहीत.

आणि इथं पैसचा खांब येतो. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. हा फरक नुसत्या भाषांतरानं पडत नाही. दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, तेही घरातले, शेतातले, आणि मधूनमधून समोरच्या श्रोत्यांशी बोलणं चालू असतं. सांगणारे ज्ञानेश्वर, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. थोडक्यात पॉडकास्ट आणि ट्रान्स्क्रिप्ट. आमच्या गावाचा या क्षेत्रातला अनुभव तसा जुना आहे.

आता मझूर पद्धतीनं एक प्रश्न तुमच्यासाठी. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचं त्वरण किती? एक, शून्य. दोन, वरच्या दिशेनं. तीन, खालच्या दिशेनं, ९.८. आधी स्वतःचं उत्तर ठरवा, मग शेजारी जो कुणी बसला असेल त्याला पटवून द्या, तुमच्या भाषेत, फॉर्म्युला न वापरता. गूगल करायचं नाही. उत्तर पुढच्या भागात.